शेवटची मुलगी घरी किती वाजता पोचणार?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही धागा सापडेल. तुम्ही अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शिकवता. तुमच्याकडच्या ११ मुली, वय ९ ते १५, कानबाईच्या (आपल्या खान्देशातली देवी) गाण्यांवर आणि नव्या अहिराणी गाण्यांवर झकास नाचतात. त्यांना तीन ठिकाणांहून बोलावणं आहे. शाळेचं गॅदरिंग आहेच. शेजारच्या गावची यात्रा कमिटी चैत्रात रात्रीच्या कार्यक्रमाला या म्हणतेय. आणि धुळ्याचा एक जण अहिराणी गाण्याचा व्हिडिओ काढतोय. तो पोरीमागे ५०० रुपये देतो म्हणतो, शूटिंग मात्र रात्री, शेतात. तुम्ही विचारता, परवानगी कुणाची काढायची? आणि ‘हे नियमच बदलायला पाहिजेत’ असं जो तो म्हणतो, तर बदलायचं नेमकं काय? जाता जाता आईबापच काढत असलेल्या पोरांच्या रील्सबद्दलही तुम्ही लिहिलंय.

दुसऱ्या प्रश्नाला मी जास्त वेळ देणार आहे. पहिल्याचं उत्तर शेवटी देते, कारण ते दुसऱ्यातूनच निघतं.

मी २६ वर्षं जळगाव, भुसावळ, चोपडा या पट्ट्यात मुलांची नाटकं आणि नाच बसवते आहे. राज्य बालनाट्य स्पर्धेला मुलं नेली, यात्रेच्या स्टेजवर नेली, एकदोनदा लग्नातही नेली (त्याची लाज वाटते, पण नेली). मधली तीन वर्षं बाल कल्याण समितीवर सदस्य होते. म्हणजे पोरांना स्टेजवर चढवणारी मीच, आणि कुठूनतरी उचलून आणलेली पोरं ज्या टेबलासमोर उभी करतात त्या टेबलामागे बसणारीही मीच.

नियमांविषयी माझं जे काही मत आहे, ते एका रात्रीत तयार झालं. तापीकाठचं गाव, यात्रेचा दुसरा दिवस. आमचा कार्यक्रम आठला होता. पाहुणे साडेनऊला आले. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सत्कार, सत्काराला उत्तर, उत्तराचे आभार. आमच्या पोरी सातपासून मेकअप करून बसलेल्या. अंगात नायलॉनची नऊवारी, केसात गच्च पिना, पोटात दुपारची भाकर. साडेअकराला आमचं नाव पुकारलं तेव्हा आठ वर्षांची एक पोर साउंडवाल्याच्या पेटीवर मुटकुळं करून झोपली होती. मी तिला हलवलं. डोळे न उघडता ती म्हणाली, “आक्का, माले जप यी ऱ्हायनी.” (मला झोप येतेय.) मी काय केलं असेल? तिच्या तोंडावर पाणी मारलं, वरून पावडर थापली आणि तिला दुसऱ्या ओळीत उभी केली. ती नाचली. एकही स्टेप चुकली नाही. कुणीतरी कौतुकानं तिच्या पदराला दहाची नोट लावली. रात्री अडीचला आम्ही टेम्पोतून परत निघालो. मागे १४ पोरी, आणि मोठं माणूस मी एकटी.

त्या रात्री कुठला नियम मोडला? मी नंतर वकिलांना विचारलं, कलमं स्वतः वाचली. तिकीट नव्हतं, मानधन नव्हतं, कॅमेरा नव्हता. कायद्याच्या नजरेनं तिथं ‘काम’ असं काही झालंच नव्हतं. आजचे नियम लावले तरी उत्तर फारसं बदलत नाही.

आजचे नियम काय आहेत ते सांगते. मूळ कायदा बालमजुरीविरुद्धचा, १९८६ चा. २०१६ मध्ये तो दुरुस्त झाला आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामाला लावायला सरसकट बंदी आली. तिला दोन अपवाद ठेवले. पहिला, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत, तीही धोक्याची नसेल तर. दुसरा, कलावंत म्हणून काम: जाहिरात, सिनेमा, मालिका, तशीच इतर करमणूक, आणि खेळ. सर्कस मात्र नाही. शाळेवर परिणाम होता कामा नये, ही अट आहेच. मग २०१७ मध्ये सविस्तर नियम आले. त्यातला नियम ‘२ सी’ आपल्या उपयोगाचा. त्यात दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांहून जास्त नाही (२७ च का, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही). निर्मात्यानं किंवा व्यावसायिक कार्यक्रम करणाऱ्यानं आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्या कलेक्टरांची, परवानगी काढायची. ‘फॉर्म सी’मध्ये हमीपत्र द्यायचं. सोबत मुलांची यादी, आईवडलांची संमती आणि सुरक्षेला जबाबदार कोण त्याचं नाव. हे हमीपत्र सहा महिने चालतं. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे. आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध काहीही करायचं नाही. बंदी मोडून मुलाला कामाला लावलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही.

वाचायला हे सगळं छान आहे. पण हा नियम गोरेगावच्या स्टुडिओकडे तोंड करून लिहिलाय. पैसे कुठं आहेत आणि कॅमेरा कुठं आहे, एवढं तो बघतो. मी म्हणते, त्यानं घड्याळ बघावं आणि मुलाशेजारी कोण उभं आहे ते बघावं. बाकीच्या दुरुस्त्या त्यामागून येतील.

घड्याळापासून सुरुवात करू. २ सी पुन्हा वाचा. किती तास ते लिहिलंय, कुठले तास ते लिहिलेलं नाही. घरच्या धंद्यात मदत करणाऱ्या मुलासाठी मात्र त्याच नियमांत स्पष्ट आहे की संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. १४ ते १८ वयासाठी कायद्याचं कलम ७ आहे. आस्थापनेत संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, आणि आस्थापनेच्या व्याख्येत थिएटर आणि करमणुकीची जागासुद्धा येते. म्हणजे बघा, बापाच्या किराणा दुकानात नऊ वर्षांच्या पोरानं साडेसातला पुड्या बांधायच्या नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीनं थिएटरात रात्री आठला काम करायचं नाही. आणि नऊ वर्षांची मुलगी ‘कलावंत’ म्हणून रात्री एकला शूटिंग करत असेल, तर तिला थांबवणारा एक शब्द २ सी मध्ये नाही. पाच तास भरले नाहीत ना, मग झालं. वय कमी तशी राखण जास्त, हे आपल्याकडे गुराख्यालाही कळतं. नियमात रात्रीपुरतं ते उलटं झालंय.

आमच्या भागात पोरं रात्री थोडीफार वेळेत घरी पोचतात ती ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे! २००० सालचे ते नियम. रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद, आणि वर्षात फार तर १५ दिवस सरकारनं सूट दिली तर बारापर्यंत. ‘साउंड बंद करा’ म्हणून पोलिसांची गाडी आलेली मी कितीदा तरी पाहिलीय. ‘ती पोर झोपायला न्या’ म्हणून कधी कुणी आलेलं पाहिलं नाही.

मला विचाराल तर नियमात दोन ओळी घाला. १४ च्या आतल्या मुलाचा प्रवेश रात्री ९ च्या आत संपला पाहिजे आणि आठ वर्षांच्या आतल्याचा साडेसातच्या आत. मग ते स्टेज असो, सेट असो, तिकीट असो वा नसो. आणि कार्यक्रमपत्रिकेत मुलांचं आधी, सत्कार नंतर. ही दुसरी ओळ ऐकून एका सरपंचांनी मला विचारलं होतं, “मग पाव्हण्यांनी काय पोरं गेल्यावर यायचं का?” मी म्हटलं, पाव्हणे वेळेवर आले तर त्यांनाही पोरं दिसतील. ते हसले. कार्यक्रम त्या वर्षीही दहालाच सुरू झाला.

दिवसाच्या घड्याळाचाही विचार हवा. दिल्लीत बसून नियम करणाऱ्याला एप्रिल-मे म्हणजे सुट्टी आठवते. आपल्याकडे भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढं जातो आणि यात्रा, लग्नं, आखाजी (अक्षय्य तृतीया) सगळं तेव्हाच. पुढाऱ्यांच्या स्वागताला लेझीम पथक भर दुपारी डांबरावर उभं करायची पद्धत अजून गेलेली नाही. पोरांच्या पायात कधी कधी चप्पलही नसते, कारण ‘पारंपरिक वेशात’ चप्पल बसत नाही म्हणे. उन्हाळ्यात दुपारी ११ ते ५ उघड्यावर मुलांचा कार्यक्रम नाही, ही ओळ विदर्भ-खान्देशासाठी तरी हवीच. तिला दिल्ली लागत नाही. जिल्ह्यातल्या एका आदेशानं काम होईल. निवडणुकीतली गोष्ट निराळी. प्रचारात मुलांना कुठल्याही रूपात वापरायचं नाही, हे निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा ठणकावून सांगितलंय. ते बहुतेक पाळलं जातं, कारण तक्रार करणारा विरोधी उमेदवार टपूनच बसलेला असतो. यात्रेत पोरांचा विरोधी उमेदवार कोण?

आता परवानगीची खिडकी. काही वर्षांपूर्वी एका व्हिडिओसाठी आम्ही नियमाप्रमाणे परवानगी काढायला गेलो. ज्या कार्यालयात गेलो तिथल्या भाऊंनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, “हे सिनेमावाल्यांचं ना?” त्यांनी कामगार खात्याकडे पाठवलं. त्यांनी महिला-बालविकासकडे. तिथून पुन्हा पहिल्या टेबलावर. तीन खेपा झाल्या. त्यांचा दोष म्हणावा तर तसा नाही, त्यांनी असला अर्ज आयुष्यात पाहिलाच नव्हता. शेवटी निर्मात्यानं काय केलं? शेजारच्या तालुक्यातून परवानगीबिरवानगी न काढता पोरं आणली आणि दोन दिवसांत मोकळा झाला. जो नियम पाळायला जातो त्याचा आठवडा जातो, न पाळणाऱ्याचं काही जात नाही. आम्ही निदान जळगावजवळचे. धडगाव-मोलगीच्या माणसानं फॉर्म सी घेऊन सातपुडा उतरायचा आणि नंदुरबारला दिवस घालवायचा, हे होणार आहे का?

त्यातही एक मोठी खोच आहे. परवानगी द्यायची ती जिथं कार्यक्रम होणार त्या जिल्ह्यानं. नंदुरबारची मुलगी सुरतेला किंवा मुंबईला शूटिंगला नेली तर परवानगी तिकडची. तिकडच्या साहेबाला तिची शाळा माहीत नाही, तिची सहामाही कधी आहे माहीत नाही, तिच्या घरी कोण आहे माहीत नाही. इंग्लंडमध्ये याच्या उलट आहे. तिथं १९६३ च्या कायद्यापासून मुलाचा परवाना देते ती मूल जिथं राहतं तिथली स्थानिक परिषद. २०१४ मध्ये त्यांनी जुने नियम मोडीत काढून नवे केले, ते २०१५ पासून लागू आहेत. तिथलं सगळं उचला असं मी म्हणत नाही. त्यांचा पाऊस वेगळा, आपली जमीन वेगळी. पण दोनतीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. शाळेनं स्वतः केलेल्या कार्यक्रमाला परवाना लागत नाही. सहा महिन्यांत तीनच दिवस काम केलेल्या मुलाला चौथ्या दिवसापर्यंत सूट मिळते, पण पैसे घेतले नाहीत आणि शाळा बुडाली नाही तरच. आणि पैसे न देणाऱ्या हौशी मंडळाला प्रत्येक मुलाचा वेगळा कागद न काढता सगळ्यांची मिळून एक मान्यता मिळू शकते.

आपल्याकडे मी पायऱ्या अशा लावीन. शाळेचं गॅदरिंग आणि देवाधर्माचं: काही कागद नको. गावातला विनामोबदला कार्यक्रम: परवानगी नको, पण दोन दिवस आधी गाव बाल संरक्षण समितीकडे एका पानाची नोंद, ज्यात मुलांची नावं, सोबत कोण, संपणार किती वाजता आणि परतीची गाडी कुठली एवढंच. जिथं पैसे आहेत, तिकीट आहे, कॅमेरा आहे तिथं परवानगी हवीच, पण मुलाच्या तालुक्यातून. तहसीलदारांची सही आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचा शेरा. मोठ्या कंपन्यांनी जावं खुशाल कलेक्टरांकडे.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. गावच्या समितीचे अध्यक्ष सरपंच, यात्रा कमिटीचे अध्यक्षही सरपंचच, म्हणजे ते स्वतःच स्वतःला नोंद देणार. खरं आहे. म्हणून त्या पानावर मुख्याध्यापक किंवा अंगणवाडी सेविकेची सही हवी. सेविका सरपंचाला नाही म्हणू शकेल का? काही गावांत म्हणेल, काही गावांत नाही. मला यावर पूर्ण तोडगा सापडलेला नाही. पण ते पान भिंतीवर लागलं, तर निदान ‘कार्यक्रम ९ ला संपेल’ हे वाक्य आईवडलांना वाचता येईल आणि बोट दाखवता येईल. आज बोट दाखवायलाही काही नाही.

आता सोबतीचं माणूस. मला विचाराल तर नियमातला सगळ्यात दुबळा शब्द ‘जबाबदार व्यक्ती’ हा आहे. कागदावर पाच मुलांमागे एक, चांगलं प्रमाण आहे. इंग्लंडमध्ये तर एका बाईकडे बारापर्यंत मुलं चालतात. पण तिथं त्या बाईची आधी चौकशी होते, परिषद तिला मान्यता देते आणि त्या वेळात तिनं दुसरं काही करायचं नसतं. आपल्याकडे ही जबाबदार व्यक्ती म्हणजे बहुतेक वेळा नृत्यदिग्दर्शकाचा मित्र, ड्रेसवाला, नाहीतर निर्मात्याचा ड्रायव्हर. मी स्वतः त्या रात्री एकाच वेळी दिग्दर्शिका, मेकअपवाली, प्रॉम्प्टर आणि ‘जबाबदार व्यक्ती’ होते. म्हणजे जबाबदार कुणीच नव्हतं.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे, कल्पनाही आहे: करवली. लग्नात नवरीला एकटी सोडत नाहीत. करवलीला दुसरं काम नसतं, ती फक्त सोबत असते. नवरीला तहान लागली, साडी सुटली, रडू आलं, कुणी नको तसा जवळ आला, तर करवली तिथं आहे. मुलांच्या कार्यक्रमाला असल्या करवल्या लागतात. प्रत्येक तालुक्यात अशा बायांची यादी करता येईल. निवृत्त शिक्षिका, माजी अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया. पोलीस पडताळणी, एक दिवसाचं शिक्षण, आणि रोजाचे पैसे आयोजकानं द्यायचे. निर्मात्यानं आपला माणूस आणायचा नाही, यादीतली बाई घ्यायची. ५०० रुपये देऊन पोर नाचवणाऱ्याला करवलीचे ५०० जड जातील. जाऊ देत.

ती बाई काय बघणार? कपडे कुठं बदलायचे हे पहिलं. यात्रेत स्टेजमागे दोन बांबूंना चादर बांधतात आणि त्याला ‘ग्रीनरूम’ म्हणतात. पूर्वी चादरीवरून डोकावणारी टवाळ पोरं असत. आता मोबाईल असतो, हात वर केला की झालं. दार असलेली खोली नसेल तर मुलींनी घरूनच तयार होऊन यायचं, हा माझा नियम, आणि ड्रेस त्याप्रमाणे निवडायचा. मग संडास. बारा-चौदा वर्षांच्या मुली यात्रेच्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नाहीत, जावं लागू नये म्हणून. चैत्रातल्या उन्हात! नाचताना चक्कर आली की लोक म्हणतात देवी अंगात आली. मग जेवण, कार्यक्रमाच्या आधी. आणि शेवटी ‘नाही’ म्हणायची सोय. नियमात मर्जीचा शब्द आहे, पण १२०० लोकांसमोर स्टेजच्या पायरीवर उभी असलेली मुलगी दिग्दर्शकाला नाही म्हणत नाही. ती करवलीच्या कानात सांगते. आमच्या गटात आता खूण ठरलेली आहे. ओढणीची गाठ सोडून हातात धरली की तिला त्या गाण्यात घ्यायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

पैशांचं थोडक्यात. ५०० चे २० टक्के म्हणजे १०० रुपये. १०० रुपयांची मुदत ठेव करायला राष्ट्रीयीकृत बँकेत गेलात तर शिपाईसुद्धा हसेल. गावात असतं पोस्ट. दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला तिथं स्वतःच्या नावानं बचत खातं चालवता येतं. नियमात ‘किंवा पोस्ट कार्यालय’ हे शब्द घातले तर ते २० टक्के खरोखर कुठंतरी जमा होतील.

रस्त्यावरच्या खेळाचं मात्र थोडक्यात सांगता येणार नाही. कलावंतांच्या अपवादात काय काय बसतं याची यादी नियमांत आहे. स्पर्धा आणि तिचा सराव, रिॲलिटी शो, मालिका, सूत्रसंचालनसुद्धा. आणि यादीच्या शेवटी लिहिलंय की पैशासाठी रस्त्यावर केलेला खेळ यात येणार नाही. समितीवर असताना एकदा आठवडे बाजारातून एक मुलगी आणली होती. डोंबाऱ्याची, नऊ-दहा वर्षांची. आई बाहेर ढोलकी मांडीवर घेऊन बसलेली. आमचे कागद होईपर्यंत मुलगी व्हरांड्यात फरशीच्या एका रेघेवरून चालत होती, दोन्ही हात पसरून, इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदाही पाय रेघेबाहेर गेला नाही. मी विचारलं, “शाळेत जातेस?” तिनं उलट विचारलं, “कुठल्या गावच्या?”

माझं मत स्पष्ट आहे. खाली गादी नसलेल्या दोरीवर मूल चढवायचं नाही, मग ती परंपरा किती का जुनी असेना. ती बंदी मला हवीच आहे. पण तेच अंग, तोच तोल शाळेच्या मैदानात मल्लखांबावर दिसला तर तो खेळ, त्याला अपवाद, प्रमाणपत्र आणि टाळ्या. बाजारात दिसला तर पोलीस. दोन्हींच्या मध्ये दार नाही. त्या मुलीला आम्ही हमीपत्र घेऊन आईच्या ताब्यात दिलं, शाळेसाठी चिठ्ठी दिली. पुढच्या महिन्यात चौकशी केली तर पालं उठली होती. नियमात सुधारणा करायचीच असेल तर बंदीच्या त्याच ओळीत लिहा की असं मूल सापडलं तर त्या जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्यानं आणि निवासी शाळेनं इतक्या दिवसांत त्याला जागा द्यायची. तारीख घालून लिहा. नुसती बंदी त्या पोरीला एका बाजारातून दुसऱ्या बाजारात हलवते.

काही गोष्टींना मात्र नियमानं हात लावू नये. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाई मांडून गाणी म्हणतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि पोरं मोठ्यांच्या मांडीवर बसून रात्रभर गाणी ऐकतात, पेंगतात, पुन्हा जागी होतात. सातपुड्यात होळीला बाप बुध्या बनून कमरेला भोपळे बांधून नाचतो आणि त्याच्या मागे चिमुकला तसाच सजून नाचतो. तिथंही रात्र असते, जागरण असतं. फरक हा की तिथं पोर झोपलं तर कुणी त्याच्या तोंडावर पाणी मारत नाही. आई घोंगडी टाकते आणि गाणं चालू राहतं.

आईबापच निर्माते असलेल्या रील्सबद्दलही तुम्ही लिहिलंय. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला, त्यात समाजमाध्यमं घेतली आहेत. सूचना आणि कायदा यांत फरक असतो, तो लक्षात ठेवा. घरच्या चॅनलवर कोण छापा घालणार? तूर्त शाळेच्या पालकसभेत तुम्ही बोलणं हाच त्यातल्या त्यात चालणारा मार्ग.

आता तुमची तीन बोलावणी. गॅदरिंगला परवानगी लागत नाही. दुपारी चारला सुरू करा, पहिलीच्या पोरांना आधी सोडा, बक्षिसं आणि भाषणं शेवटी.

यात्रा: मुलींना मानधन नसेल, तिकीट नसेल, तर आजच्या नियमांत स्पष्ट परवानगी लागत नाही. ‘व्यावसायिक कार्यक्रम’ म्हणजे काय याची रेघ पुसट आहे. म्हणून कमिटीला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि प्रती ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला. त्यात लिहा: मुलींचा कार्यक्रम साडेसातला सुरू, साडेआठला बंद. सोबत तीन बाया, कारण मुली ११. दार असलेली खोली. आधी जेवण. येण्या-जाण्याची गाडी कमिटीची आणि ड्रायव्हरचं नाव आदल्या दिवशी. साडेआठपर्यंत स्टेज मिळालं नाही तर आम्ही निघू. आणि खरंच निघा. एकदा निघालात की पुढच्या वर्षी वेळेवर बोलावतात, हा अनुभव आहे.

व्हिडिओ: हा सरळसरळ २ सी मध्ये येतो, निदान १४ च्या आतल्या मुलींसाठी तरी. परवानगी काढायची जबाबदारी त्या धुळेवाल्याची आहे, तुमची नाही, आणि ती शूटिंग ज्या जिल्ह्यात होणार तिथली. तिची प्रत हातात आल्याशिवाय तालीमसुद्धा सुरू करू नका. मोठ्या तीनचार मुलींसाठी वेगळा हिशोब मांडू नका, सगळ्यांना एकच नियम लावा. रात्रीचं गाणं संध्याकाळच्या उजेडात काढून रात्रीचं दाखवता येतं. त्यालाही ते ठाऊक असतं, लाइटचा खर्चही वाचतो. व्हिडिओ कुठं कुठं टाकणार ते लिहून घ्या. आणि फोनवर त्याला विचारा, शेवटची मुलगी घरी किती वाजता पोचणार?

मागच्या वर्षी मी असंच एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, “आक्का, ते बघू ना तेव्हाचं तेव्हा.” मी मुली पाठवल्या नाहीत. त्यानं दुसऱ्या गावातून आणल्या.